भुई, खोके आणि जाळी : गिनीपिगाच्या निवाऱ्याचा इतिहास

गिनीपिग आणि माणूस यांचा सहवास काही हजार वर्षांचा असला, तरी या सहवासात पिंजरा ही वस्तू फार उशिरा आली. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत, म्हणजे आजच्या पेरू, बोलिव्हिया आणि एक्वादोर या देशांच्या उंच पठारांवर, हा प्राणी मांसासाठी माणसाळवला गेला आणि त्यानंतरचा बहुतेक काळ तो घराच्या भुईवर मोकळाच वावरत राहिला. आज घरच्या घरी गिनीपिगाचा पिंजरा बांधणाऱ्याला त्याचे क्षेत्रफळ, तळाचे साहित्य आणि अंथरूण यांविषयी जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे एकाच काळात किंवा एकाच हेतूने शोधली गेलेली नाहीत; काही स्वयंपाकघरात सापडली, काही खोक्यांच्या लाकडात, तर काही रोगसंशोधनाच्या ओघात, आणि या शेवटच्या शोधात मुंबईच्या परळ भागाचा वाटा सामान्यतः समजला जातो त्यापेक्षा बराच मोठा आहे.

अँडीजमधील घराची रचना समजून घेतल्यावाचून या प्राण्याच्या मूळ निवाऱ्याची कल्पना येणे कठीण आहे. समुद्रसपाटीपासून तीन ते चार हजार मीटर उंचीवरच्या गावांत रात्री पारा गोठणबिंदूखाली उतरतो. दगडमातीच्या जाड भिंतींच्या आणि जेमतेम एखादी खिडकी असलेल्या तेथील घरात चूल पेटलेली खोली तेवढी उबदार असते, आणि म्हणूनच केचुआ भाषेत ‘कुवी’ व स्पॅनिशमध्ये ‘कुय’ म्हटला जाणारा हा प्राणी स्वयंपाकघरातच राहिला. चुलीच्या ओट्याखालचा कोनाडा, भिंतीलगत रचलेले दगड किंवा कच्च्या विटांचा बुटका आडोसा एवढे त्याला लपण्यास पुरत असे. गिनीपिगाला मांजराप्रमाणे चढता येत नाही आणि सशाप्रमाणे उंच उडीही मारता येत नाही, त्यामुळे त्याला अडवण्यासाठी छत किंवा जाळी लागत नसून गुडघाभर उंचीची भिंत पुरते. या प्राण्याच्या निवाऱ्याविषयीची सर्वांत जुनी माहिती हीच असून, आजच्या उघड्या माथ्याच्या पिंजऱ्यामागेही तीच आहे.

या व्यवस्थेत अंथरूण असे वेगळे काही नव्हते. गवत, मक्याची पाने, भाज्यांची साले आणि पुढे स्पॅनिश लोकांबरोबर आलेली लसूणघास हे सारे भुईवर टाकले जाई. प्राणी त्यातला कोवळा भाग खात, उरलेले जाडेभरडे देठ पायांखाली तुडवले जाऊन कोरडे होत आणि मूत्र शोषून घेत. काही दिवसांनी हा सारा थर झाडून शेतात खत म्हणून टाकला जाई आणि त्या जागी नवा चारा येई. चारा, अंथरूण आणि खत या एकाच वस्तूच्या तीन अवस्था होत्या. गोठ्यात गुरांपुढची वैरण उरते, ती त्यांच्याच पायांखाली जाते आणि शेवटी उकिरड्यावर पडते, हे पाहिलेल्या मराठी शेतकऱ्याला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

तरीही या स्वयंपाकघराचे चित्र फार रम्य करून पाहणे योग्य नव्हे. लहानमोठे, नरमादी सर्व प्राणी एकत्र राहत असल्याने जवळच्या नात्यात संकर होई, नरांच्या झुंजी होत आणि पिल्ले चिरडली जात. शिवाय मोठा व जोमदार प्राणी आधी पातेल्यात जात असल्याने पैदाशीसाठी मागे राहत ते खुरटे प्राणी. इंका साम्राज्याच्या काळात त्यांचा उपयोग केवळ खाण्यापुरता नव्हता, तर बळी देण्यासाठी व शकुन पाहण्यासाठीही होता. पेरूच्या किनाऱ्यावरील चिंचा खोऱ्यात लो देमास येथे झालेल्या उत्खननात घराच्या जमिनीखाली पुरलेले, रुक्ष हवेमुळे केसांसह टिकून राहिलेले गिनीपिग मिळाले आहेत. ज्या भुईवर ते वावरले, तिच्याच खाली त्यांना नैवेद्य म्हणून ठेवले गेले होते.

सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून गिनीपिग युरोपात पोहोचला. स्विस निसर्गअभ्यासक कोनराड गेसनर याने १५५४ मध्ये त्याचे वर्णन केले. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या हिल हॉल या वाड्याच्या उत्खननात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील गिनीपिगाचा सांगाडा सापडला आणि बेल्जियममधील मोन्स या शहरात एका मध्यमवर्गीय घराच्या तळघरातही त्याची हाडे मिळाली. म्हणजे हे परदेशी कौतुक केवळ सरदारांच्या दारात राहिले नव्हते. मात्र युरोपातील स्वयंपाकघरात त्याला अँडीजसारखी जागा मिळाली नाही. त्याची पैदास झाली, पण मांस म्हणून तो रुजला नाही, आणि ज्या प्राण्याचा घराला ठरलेला उपयोग नाही त्याला भुईवर मोकळे सोडण्याऐवजी खोक्यात ठेवणे सोयीचे ठरते. पॅरिसमध्ये १७८३ साली लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्याला ज्या भांड्यात ठेवले ते तर बर्फाने वेढलेले होते : प्राण्याच्या अंगातील उष्णतेने दहा तासांत सुमारे १३ औंस बर्फ वितळला आणि श्वसन ही मंदगतीने चालणारी ज्वलनक्रिया आहे या मताला मोजमापाचा आधार मिळाला. प्रयोगासाठी खास बनवलेल्या पात्रात गिनीपिग बसल्याचे हे पहिल्या काही उदाहरणांपैकी एक होय.

घरगुती पिंजऱ्याची खरी सुरुवात एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये झाली आणि तिला कारण ठरले ते दोन स्वस्त पदार्थ. पहिला पदार्थ तारेची जाळी. इंग्लंडमधील नॉरिच हे कापड विणण्याचे जुने केंद्र. तेथील चार्ल्स बर्नार्ड याने १८४४ मध्ये विणकामाच्या मागाचे तत्त्व तारेला लावून षट्‌कोनी भोकांची जाळी यंत्रावर विणण्याची युक्ती काढली, आणि त्यापूर्वी हाताने वळावी लागणारी महागडी जाळी हळूहळू कोंबड्या-ससे पाळणाऱ्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. दुसरा पदार्थ म्हणजे मालाची रिकामी लाकडी खोकी. आशियातून चहा आणि दक्षिण युरोपातून संत्री घेऊन येणारी खोकी रिकामी झाल्यावर जवळजवळ फुकट मिळत. असे एक खोके आडवे ठेवून त्याच्या तोंडाचा निम्मा भाग फळीने व निम्मा जाळीने बंद केला, की झोपण्याची अंधारी जागा आणि वावरण्याची उजेडी जागा असे दोन भाग असलेले खुराडे तयार होई. ओल जमिनीतून वर येऊ नये म्हणून त्याला पाय लावले जात आणि पावसाचे पाणी ओघळावे म्हणून छताला उतार देऊन त्यावर डांबरी कापड ठोकले जाई.

या खुराड्यांच्या तळाशी लाकडाचा भुसा पसरून झोपण्याच्या भागात वाळके गवत ठेवण्याची चाल पडली, तिचे कारणही बाजारातच शोधावे लागते. वाफेवर चालणाऱ्या करवतींच्या गिरण्यांतून भुशाचे ढीग निघत आणि घोड्यांच्या तबेल्यांमुळे प्रत्येक शहरात वाळके गवत विकत मिळे. अंथरूण म्हणून भुसा चांगला की वाईट, याची चौकशी त्या काळी फारशी झालेली दिसत नाही. तो उपलब्ध होता आणि ओल शोषत होता, एवढे पुरेसे मानले गेले. चार्ल्स कंबरलँड यांचे गिनीपिगावरील पुस्तक १८८६ मध्ये प्रसिद्ध झाले. खाद्य, केस आणि हौस असे तिन्ही उपयोग त्यांनी शीर्षकातच मांडले आणि इंग्रजांनी या प्राण्याचे मांस खावे असा आग्रह धरला. हा आग्रह वाया गेला, हौस मात्र टिकली : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये गिनीपिगप्रेमींचे मंडळ स्थापन झाले आणि केसांची ठेवण, रंग व डौल यांवर बक्षिसे देणारी प्रदर्शने भरू लागली. प्रदर्शनाच्या प्राण्याला डाग चालत नसल्याने पिंजरा स्वच्छ व कोरडा ठेवण्याचे शिस्तबद्ध वळण याच हौशी लोकांनी प्रथम लावले. याच सुमारास मेजर मोरंट याने सशांसाठी बिनतळाचे, हिरवळीवर रोज पुढे सरकवायचे खुराडे प्रचारात आणले होते; उन्हाळ्यात गिनीपिगांसाठीही असे फिरते कुंपण वापरले जाऊ लागले, आणि चारा व अंथरूण एकच असण्याची अँडीजमधील सोय काही महिन्यांपुरती इंग्रजी परसात परतली.

दरम्यान रोगजंतुशास्त्र या नव्या विद्येने गिनीपिगाला आपल्या कामात ओढले. रॉबर्ट कोख याने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू सिद्ध केला तो मुख्यतः गिनीपिगांवरील प्रयोगांनी, आणि पुढील दोन दशकांत प्रत्येक मोठ्या प्रयोगशाळेत या प्राण्यांची खोली असणे आवश्यक मानले जाऊ लागले. येथे पिंजऱ्याचे प्रयोजनच बदलले. खुराडे प्राण्याला आत ठेवण्यासाठी होते. प्रयोगशाळेतील पिंजऱ्याला, त्याखेरीज, प्राण्यापर्यंत काय पोहोचू द्यायचे आणि काय नाही हे ठरवायचे होते. ही कल्पना जितक्या तर्कशुद्धपणे मुंबईत राबवली गेली, तितकी ती त्या काळात क्वचितच अन्यत्र राबवली गेली असेल.

मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातील प्लेगचे निदान डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी केले. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात आली. आजची हाफकिन संस्था ती हीच. रोग उंदरांतून माणसाकडे कसा येतो, हा वाद मात्र तेव्हा मिटलेला नव्हता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत, तळाशी वाळू घातलेल्या मोठ्या काचपात्रात आजारी उंदीर ठेवून आणि निरोगी उंदराला त्याच पात्रात लोखंडी जाळीच्या लहान पिंजऱ्यात अलग ठेवून, पिसवांमार्फत संसर्ग होतो असे दाखवले होते. परंतु बहुतेक तज्ज्ञांनी ते मनावर घेतले नाही. भारतीय वैद्यकीय सेवेतील कॅप्टन ग्लेन लिस्टन यांनी तो धागा उचलला. मुंबईच्या प्राणिसंग्रहालयात गिनीपिग प्लेगने मेले तेव्हा त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा आढळल्या, आणि त्यावरून लिस्टन यांना या प्राण्याचा एक वेगळाच उपयोग सुचला. प्लेगचा रुग्ण निघालेल्या घरातील माणसे हलवल्यानंतर तेथे गिनीपिग मोकळे सोडले जात; उंदीर मेल्याने उपाशी राहिलेल्या पिसवा त्यांच्या केसांत शिरत आणि मग त्या वेचून, ओळखून मोजल्या जात. अशा रीतीने अँडीजच्या स्वयंपाकघरात शतकानुशतके मोकळा वावरलेला हा प्राणी गिरणगावाच्या काळातील मुंबईत चाळींच्या खोल्यांतून, जिवंत सापळा म्हणून, पुन्हा भुईवर फिरला.

ब्रिटनमधील रॉयल सोसायटी, लिस्टर संस्था आणि इंडिया ऑफिस (भारताचा कारभार पाहणारे ब्रिटिश खाते) यांच्या सल्लागार समितीने नेमलेल्या पथकाने १९०५ पासून परळ येथे जे प्रयोग केले, त्यांत मेजर लॅम्ब, लिस्टन, पेट्री, रोलंड यांच्याबरोबर केशव पै, मानकर, रामचंद्रियर आणि आवारी हे भारतीय सहकारीही होते. त्यांनी लहान कोठारांसारख्या खोल्या बांधल्या आणि त्यांची छपरे मुद्दाम वेगवेगळी ठेवली : काहींवर देशी कौले, काहींवर मंगलोरी कौले, काहींवर पन्हळी पत्रे. देशी कौलांच्या बेचक्यांत उंदरांना बिनधास्त घर करता येते, सपाट बसणाऱ्या मंगलोरी कौलांत तितके नाही आणि पत्र्याखाली त्याहूनही कमी. छपराखाली तारेची जाळी ताणलेली असल्याने उंदीर खाली उतरू शकत नसत, पिसवा मात्र पडू शकत. आतल्या भुईवर गिनीपिग ठेवले जात.

या खोल्यांत दिसून आलेली गोष्ट गिनीपिगाचे अंथरूण आणि आरोग्य यांचा विचार करणाऱ्याने आजही लक्षात घ्यावी अशी आहे. पिसवा नसलेल्या खोलीत आजारी व निरोगी प्राणी एकत्र राहिले, भुई साफ केली गेली नाही, खाद्यावर मलमूत्र पडत राहिले, तरी प्लेग पसरला नाही. पिसवा असलेल्या खोलीत तो पिसवांच्या संख्येच्या प्रमाणात पसरला. त्यापुढचा प्रयोग तर निव्वळ पिंजऱ्याच्या उंचीचा होता. एक पिंजरा जमिनीपासून दोन इंच आणि दुसरा दोन फूट उंचीवर टांगला असता खालच्यातील प्राण्यांना प्लेग झाला, वरचे वाचले, कारण उंदराच्या पिसवेची उडी काही इंचांपलीकडे जात नाही. आणखी एका मांडणीत पिंजऱ्याभोवती माश्या पकडण्याच्या चिकट लेपाचा सहा इंच रुंद पट्टा दिला गेला आणि तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या पिंजऱ्याभोवती नुसती वाळू पसरली. पिसवा लेपात अडकल्या, वाळू ओलांडून मात्र आत पोहोचल्या. पिंजऱ्याचे पाय, त्याची उंची, त्याभोवतीची जमीन या सुतारकामाच्या बाबी वाटतात, आणि त्याच बाबींनी हवा, मलमूत्र व स्पर्श या जुन्या संशयितांना वगळून पिसवेवरचा आरोप पक्का केला. यातील शेकडो गिनीपिगांनी दिलेल्या किमतीची दखल त्या अहवालांत आकड्यांपलीकडे नाही.

प्रयोगशाळांनी या प्राण्याविषयी दुसरे जे ज्ञान दिले तेही आडवाटेनेच आले. नॉर्वेतील अॅक्सल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख यांनी १९०७ मध्ये धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावी हिरड्या व सांधे बिघडवणारा रोग, होतो असे दाखवले. माणसाप्रमाणे याही प्राण्याचे शरीर हे जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. ताज्या चाऱ्याच्या थरावर राहणाऱ्या अँडीजमधील प्राण्याला ही उणीव कधी जाणवण्याचे कारण नव्हते; ती उघडी पडली ती चारा आणि अंथरूण यांची फारकत झाल्यावर.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रयोगशाळेतील लाकडी पेट्या जाऊन धातूचे व नंतर प्लॅस्टिकचे पिंजरे आले. धुण्याच्या सोयीसाठी तळालाही जाळी लावली गेली, आणि बसका व जड बांधा असलेल्या या प्राण्याच्या उघड्या तळव्यांना त्या तारांनी जखमा होऊ लागल्या. तळवा सुजून, चिघळून हाडापर्यंत पोहोचणारा हा विकार पुढे घरगुती पिंजऱ्यांतही ओल्या किंवा खरखरीत तळामुळे दिसत राहिला. अंथरुणाकडे शास्त्राचे खरे लक्ष गेले ते १९६७ मध्ये. इलियट व्हेसेल यांनी त्या वर्षी दाखवले, की लाल सीडार आणि पाइन या सुवासिक लाकडांच्या पापुद्र्यांवर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतात औषधांचे विघटन करणारी द्रव्ये वाढतात आणि झोपेच्या औषधाचा परिणाम त्यांच्यावर लवकर ओसरतो. बीच, बर्च किंवा मेपल या कठीण लाकडांच्या पापुद्र्यांनी तसे होत नाही. कीटक पळवणारा म्हणून ज्या वासाची महती गायिली जात होती, तोच वास शरीरात हस्तक्षेप करत होता. त्या लाकडावर प्राणी अनेक दशके झोपत आले होते, पण प्रश्न विचारला गेला तो प्रयोगांचा हिशोब चुकू लागल्यावर, हे येथे नमूद करणे भाग आहे. आज सीडार सर्वत्र वर्ज्य मानला जातो, पाइन वापरायचाच तर भट्टीत वाळवून त्यातील उडून जाणारी द्रव्ये कमी केलेला घ्यावा असे सांगितले जाते, आणि अॅस्पेनचे पापुद्रे किंवा कागदाच्या लगद्यापासून केलेले मऊ अंथरूण अधिक सुरक्षित समजले जाते. बारीक भुसा श्वासनलिकेत जातो म्हणून तोही मागे पडला.

कायद्याने जागेचे माप ठरवले तेव्हाही मोजपट्टी प्रयोगशाळेचीच होती. अमेरिकेच्या १९६६ च्या प्राणीविषयक कायद्यात गिनीपिगाचा समावेश झाला आणि तेथील नियमांनुसार ३५० ग्रॅमहून जड प्राण्याला १०१ चौरस इंच जागा व ७ इंच उंची पुरे धरली जाते. पाळीव प्राण्यांच्या दुकानांतील पिंजरेही दीर्घकाळ याच तुटपुंज्या हिशोबाच्या आसपास राहिले. घरगुती पाळणाऱ्यांसाठी पुढे प्राणीकल्याण संस्थांनी जे माप सुचवले ते एका जोडीला किमान साडेसात चौरस फूट, म्हणजे १,०८० चौरस इंच आहे. दोन्ही मापे एकाच प्राण्याची आहेत, यावर विश्वास बसणे कठीण जाते. स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमांत गिनीपिगाला एकटे ठेवण्यास मनाई केली. कळपाने राहणाऱ्या प्राण्याचे एकटेपण हा छळाचा प्रकार मानण्याइतका विचार तोवर बदलला होता. खुद्द पेरूमध्ये १९६० च्या दशकापासून शासकीय कृषिसंशोधनाने स्वयंपाकघराऐवजी विटांच्या हौदासारख्या कप्प्यांचा पुरस्कार केला : दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, ४५ सेंटिमीटर उंच, माथा उघडा, एक नर आणि सात ते दहा माद्या. नातेसंकर व झुंजी यांना त्याने आळा बसला, आणि भिंतीची उंची पाहता जुने शहाणपणही त्यात टिकून राहिले.

दुकानातील अपुऱ्या पिंजऱ्याला पर्याय म्हणून एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पसरलेली घरगुती रचना पुन्हा इतर धंद्यांच्या मालावरच उभी आहे. कपडे-पुस्तके ठेवण्याच्या घडवंचीसाठी विकल्या जाणाऱ्या, चौदा इंच बाजू असलेल्या तारेच्या चौरस चौकटी उभ्या करून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी जखडल्या जातात. दोन चौकटींची रुंदी आणि तीन चौकटींची लांबी घेतली तर साडेसात चौरस फुटांहून थोडे अधिक माप भरते. आत पन्हळी प्लॅस्टिकच्या पत्र्याची परात बसते. हा पत्रा म्हणजे फलकांसाठी वापरला जाणारा, दोन पातळ थरांमध्ये पोकळ नळ्या असलेला तक्ता. महाराष्ट्रात तो ‘सनपॅक’ या नावाने मागितला जातो आणि निवडणुकीनंतर मुबलक मिळतो. त्याचा केवळ वरचा थर सुरीने चिरून कडा सहा इंच वर वळवली, की गळती न होणारी, पुसता येणारी भांड्यासारखी बैठक तयार होते. चौकटींची भोके मोठी असतील तर पिल्लाचे डोके अडकते, म्हणून बारीक भोकांच्या चौकटी निवडाव्या लागतात. प्राण्याला चढता येत नसल्याने माथा उघडा चालतो, मात्र घरात मांजर किंवा कुत्रा असल्यास तो झाकावाच लागतो.

या परातीत अलीकडे अनेक ठिकाणी लाकडाऐवजी फ्लीस, म्हणजे पॉलिएस्टरचे लवदार कापड, अंथरले जाते. नवे फ्लीस पाणी वर धरून ठेवते. कापड मऊ करणारे द्रावण न वापरता गरम पाण्यात ते अनेकदा धुतल्यावर धाग्यांतून ओल खाली झिरपू लागते आणि खालच्या टॉवेलसारख्या शोषक थरात मुरते, त्यामुळे प्राण्याचे तळवे कोरडे राहतात. महाराष्ट्रात मात्र ही पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही. कोकण व मुंबईच्या पावसाळ्यात कापड वाळता वाळत नाही आणि पेंढ्याला दोन दिवसांत बुरशी धरते. भाताचे तूस स्वस्त व कोरडे असले तरी त्याची टोके डोळ्यांत जाण्याची भीती असते. उन्हाळ्यात तापमान तीस अंशांच्या पुढे गेले की थंड पठारावरच्या या प्राण्याला उष्माघात होऊ शकतो, म्हणून तेथे जाड अंथरुणापेक्षा वारा खेळता ठेवणारी उघडी जाळी, सावली आणि टेकून बसण्यासाठी फरशीचा किंवा मातीच्या कौलाचा तुकडा अधिक उपयोगी पडतो.